लेनी ब्रूसचे स्मरण : एका मरणोत्तर क्षमेचा इतिहास

१

२३ डिसेंबर २००३ रोजी न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर जॉर्ज पटाकी ह्यांनी एका मृत माणसाला क्षमा केली. त्या माणसाला जाऊन तेव्हा ३७ वर्षे झाली होती. त्याचा अपराध एवढाच की, १९६४ साली न्यूयॉर्क शहरातील एका लहानशा कॅफेत लोकांना हसविण्यासाठी त्याने जे शब्द उच्चारले, ते न्यायालयाने अश्लील ठरविले होते. न्यूयॉर्क राज्याच्या इतिहासातील ही पहिलीच मरणोत्तर क्षमा होय. लेनी ब्रूस हे त्या विनोदकाराचे नाव.

ह्या घटनेचे वर्णन सामान्यतः ‘अखेर न्याय मिळाला’ अशा समाधानाच्या सुरात केले जाते. परंतु क्षमा आणि निर्दोषत्व ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्दोष ठरविण्यात पूर्वीचा निर्णय चुकीचा होता ह्याची कबुली असते. क्षमेत अपराध गृहीत धरून शिक्षा माफ केलेली असते. तेव्हा ब्रूसची क्षमा हे त्याच्या स्मरणाचे शिखर मानण्यापूर्वी, मृत्यूनंतरच्या काळात त्याचे जे स्मरण होत आले ते नेमके कशाचे, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. ब्रूस हा व्यवसायाने विनोदकार होता. स्मृतीत तो हुतात्मा म्हणून स्थिरावला. हा बदल केवळ चाहत्यांच्या भाबडेपणाने झाला नसून त्याचे मूळ १९६४ च्या खटल्याच्या रचनेतच होते, असे उपलब्ध साधनांवरून दिसते.

२

ब्रूसचे मूळ नाव लिओनार्ड आल्फ्रेड श्नायडर. १३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मिनिओला येथे एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. आई सॅली मार ही स्वतः रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करणारी कलावती होती. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकन नौदलात नोकरी केली आणि युद्धानंतर लहानमोठ्या नाइट क्लबांतून विनोदी कार्यक्रम करण्यास प्रारंभ केला.

ज्या कलाप्रकाराला इंग्रजी भाषेत ‘स्टँड-अप’ म्हणतात, त्याचे स्वरूप येथे स्पष्ट केले पाहिजे. मराठी वाचकाला परिचित असलेल्या एकपात्री प्रयोगात नट अनेक पात्रे उभी करतो. परंतु प्रयोगाची संहिता बहुधा ठरलेली असते, आणि नट व पात्र ह्यांतील अंतर प्रेक्षक विसरत नाही. स्टँड-अप विनोदकार हाही एकटाच उभा राहतो. पण तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अंगच्या कपड्यांत, समोरच्या श्रोत्यांशी बोलत असल्याचा आभास निर्माण करतो. ब्रूसने हा आभास पुष्कळ अंशी खरा केला. जॅझ वादक ज्याप्रमाणे मूळ धून घेऊन तिच्याभोवती ऐन वेळी विस्तार करीत जातो, त्याप्रमाणे ब्रूस एखादा विषय घेऊन त्याला फाटे फोडीत जाई. मध्येच तोंडातल्या तोंडात पुटपुटे, यिद्दिश शब्द पेरी, आवाज बदली आणि पुन्हा मूळ विषयाकडे येई. त्याचा एकच विषय दोन रात्री सारखा होत नसे.

त्याच्या विनोदाचे लक्ष्य बहुधा ढोंग हे असे. ‘रिलिजन्स, इन्कॉर्पोरेटेड’ ह्या प्रसिद्ध प्रवेशात निरनिराळ्या पंथांचे धर्मगुरू एखाद्या व्यापारी कंपनीच्या विक्रेत्यांप्रमाणे बैठकीला जमतात आणि धर्माच्या खपाचा हिशेब मांडतात. दुसऱ्या एका प्रवेशात मेजवानीला आलेल्या कृष्णवर्णीय वादकाशी सलगी करू पाहणारा गोरा गृहस्थ आपल्या उदारपणाचे जितके प्रदर्शन करतो तितका त्याचा पूर्वग्रह उघडा पडत जातो. हे प्रवेश ऐकताना श्रोता प्रथम त्या गृहस्थाला हसतो आणि थोड्या वेळाने, असे बोलणे आपणही कोठेतरी केले आहे, ह्या जाणिवेने चपापतो. १९५८ ते १९६१ ह्या काळात फँटसी ह्या कंपनीने त्याच्या प्रवेशांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. ४ फेब्रुवारी १९६१ च्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. त्या रात्री हिमवादळाने शहराची वाहतूक जवळजवळ ठप्प झाली होती. तरीही श्रोते आले. लोकांना तो किती प्रिय होता ह्याचे ह्याहून बोलके प्रमाण क्वचितच मिळेल.

३

त्याच वर्षी खटल्यांची मालिका सुरू झाली. ऑक्टोबर १९६१ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉप ह्या क्लबमधील कार्यक्रमाबद्दल त्याला अटक झाली. मार्च १९६२ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. ह्या खटल्याचे न्यायाधीश क्लेटन हॉर्न ह्यांनीच १९५७ साली ॲलन गिन्सबर्गच्या ‘हाउल’ ह्या काव्याच्या प्रकाशकाला निर्दोष सोडले होते. डिसेंबर १९६२ मध्ये शिकागोच्या ‘गेट ऑफ हॉर्न’ ह्या क्लबमध्ये पुन्हा अटक झाली. त्या रात्री प्रेक्षकांत बसलेला जॉर्ज कार्लिन हा तरुण विनोदकारही ओळखपत्र दाखविण्यास नकार दिल्यामुळे पोलिसांच्या गाडीत गेला. शिकागोच्या न्यायालयाने १९६३ साली ब्रूसला एक वर्षाची शिक्षा दिली. नोव्हेंबर १९६४ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

न्यूयॉर्कचा खटला मात्र वेगळ्या वळणाने गेला. ग्रीनिच व्हिलेजमधील ब्लीकर स्ट्रीटवर ‘कॅफे ओ गो गो’ नावाचे एक ठिकाण १९६४ च्या आरंभी सुरू झाले होते. मार्चअखेर तेथे ब्रूसचे कार्यक्रम चालू असता परवाना खात्याचे निरीक्षक हर्बर्ट रूह श्रोत्यांत येऊन बसले आणि त्यांनी टिपणे घेतली. दुसऱ्या रात्री पोलिसांनी छुप्या यंत्रावर कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण केले. ३ एप्रिल रोजी ब्रूस व कॅफेचे मालक हॉवर्ड सॉलोमन ह्यांना अटक झाली. काही दिवसांनी पुन्हा एकदा झाली. जून महिन्यात जॉन मर्टा, केनेथ फिप्स व जे. रँडॉल क्रील ह्या तीन न्यायाधीशांपुढे खटला उभा राहिला. रिचर्ड कुह हे सरकारपक्षाचे वकील होते, तर इफ्रेम लंडन ह्यांनी बचावाचे काम पाहिले.

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या खटल्यात सर्वांत महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे पुराव्याचे स्वरूप. पहिल्या रात्रीच्या कार्यक्रमाचा पुरावा म्हणजे रूह ह्यांची टिपणे व त्यांची स्मृती. त्यांनी साक्षीत ब्रूसचे तुटक शब्द आणि वाक्ये एकामागून एक सांगितली. एका हावभावाचा अर्थ त्यांनी अश्लील असा लावला. ब्रूसचे म्हणणे असे होते की, तो हात आशीर्वाद देण्याच्या मुद्रेत फिरविलेला होता. आपला प्रयोग हा मनुष्य भिकार रीतीने करून दाखवीत आहे आणि त्याच्या प्रयोगाची शिक्षा आपल्याला भोगावी लागणार आहे, ही ब्रूसची तक्रार विनोदी होती, तशीच ती पुराव्याच्या मूल्याविषयीची अत्यंत गंभीर हरकतही होती. टिपणवहीत शब्द उतरतात. स्वर, विराम, नक्कल, आणि एखादा शब्द वक्त्याचा की त्याने रंगविलेल्या पात्राचा हा भेद उतरत नाही. आपला प्रयोग न्यायालयापुढे आपणच सादर करावा, ही त्याची इच्छा शेवटपर्यंत पुरी झाली नाही.

४

बचावपक्षापुढे अडचण वेगळीच होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या रॉथ खटल्यात अश्लीलतेची जी कसोटी घातली होती, तिच्यानुसार संपूर्ण कृतीचा प्रधान आशय सर्वसामान्य माणसाच्या कामवासनेला आवाहन करणारा आहे काय, हे पाहावयाचे होते. ब्रूसचा खटला चालू असतानाच, २२ जून १९६४ रोजी, जेकोबेलिस खटल्याच्या निर्णयात सामाजिक महत्त्वाचा मुद्दा अधिक ठळक झाला: ज्या कृतीला काही सामाजिक मोल आहे तिला अश्लील म्हणून घटनेच्या संरक्षणाबाहेर टाकता येणार नाही. शिकागोची शिक्षा ह्याच तत्त्वामुळे रद्द झाली.

ह्याचा परिणाम असा झाला की, ब्रूसला वाचविण्याचा एकच मार्ग उरला: तो गंभीर आहे हे सिद्ध करणे. गिन्सबर्गच्या पुढाकाराने जून १९६४ मध्ये निघालेल्या निवेदनावर लायनेल ट्रिलिंग, राइनहोल्ड नीबूर, नॉर्मन मेलर, जेम्स बाल्डविन, एलिझाबेथ टेलर आदी सुमारे शंभर नामवंतांनी सह्या केल्या. त्यात ब्रूसची गणना स्विफ्ट, राबले व मार्क ट्वेन ह्यांच्या परंपरेतील सामाजिक उपहासकारांत केलेली होती. डोरोथी किल्गॅलन ह्या प्रतिष्ठित स्तंभलेखिका, नॅट हेंटॉफ हे जॅझचे समीक्षक, ज्यूल्स फायफर हे व्यंगचित्रकार अशा अनेकांनी त्याच्या बाजूने साक्षी दिल्या. ह्या साक्षी प्रामाणिक होत्या. परंतु त्यांचा रोख अपरिहार्यपणे असा राहिला की, ब्रूस हा मुळात एक नीतिवादी आहे, आणि हास्य हे त्याचे केवळ साधन आहे.

अशा रीतीने सरकारपक्षाने त्याच्या शब्दांतून अर्थ काढून टाकला आणि बचावपक्षाने अर्थातून हास्य काढून टाकले. पुढील चाळीस वर्षांत ज्या ब्रूसचे स्मरण झाले, तो कायद्याच्या गरजेतून न्यायालयात घडविला गेलेला ब्रूस होय.

ह्या संदर्भात न्यायालयापुढे आलेल्या एका प्रवेशाचा आशय पाहण्यासारखा आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष केनेडी ह्यांची हत्या झाली. गोळ्या लागल्यानंतर श्रीमती केनेडी मोटारीच्या मागील भागावर चढत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि त्या मदत आणण्यासाठी धावत होत्या असा खुलासा वृत्तपत्रांनी केला. ब्रूसचे म्हणणे असे की, ती बाई जीव वाचविण्यासाठी पळत होती आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. उलट ह्या खोट्या शौर्यकथेमुळे उद्या एखाद्या सामान्य स्त्रीवर असा प्रसंग आला आणि ती पळाली, तर आपण त्या थोर स्त्रीसारख्या नाही म्हणून ती जन्मभर स्वतःला कमी लेखील. भाषा अर्थातच रस्त्यावरची होती. परंतु राष्ट्र शोकात असताना जिवंत माणसांच्या मूर्ती कशा घडविल्या जातात आणि त्यांची किंमत कोणाला मोजावी लागते, हा त्या प्रवेशाचा विषय होता. त्याच्या विनोदाने ज्या प्रक्रियेवर बोट ठेवले, तीच प्रक्रिया पुढे त्याच्या स्वतःच्या बाबतीत घडली.

५

४ नोव्हेंबर १९६४ रोजी ब्रूस दोषी ठरला; न्यायमूर्ती क्रील ह्यांचे मत विरोधी होते. २१ डिसेंबर रोजी त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. तोपर्यंत त्याने आपले वकील दूर केले होते. तो जामिनावर सुटला. पण अपील त्याच्याकडून योग्य रीतीने कधीच पुढे नेले गेले नाही. अटकेच्या भीतीने क्लबचे मालक त्याला बोलावीनासे झाले. १९६५ साली त्याने दिवाळे जाहीर केले. रंगमंचावर येऊन तो आता खटल्याची कागदपत्रे वाचून दाखवी. ऑगस्ट १९६५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या बेसिन स्ट्रीट वेस्ट येथे चित्रित केलेला कार्यक्रम ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या पूर्ण लांबीच्या प्रयोगाचे हे एक अत्यंत दुर्मीळ चित्रीकरण. आणि त्यातील बराच भाग न्यूयॉर्कच्या खटल्यातील पुराव्याला मुद्देसूद उत्तर देण्यात खर्च झाला आहे. खटल्याने त्याची कला आतूनच पोखरली होती.

३ ऑगस्ट १९६६ रोजी हॉलिवूड येथील घरी मॉर्फिनच्या अतिमात्रेने तो मरण पावला. त्याचे वय ४० होते. पोलिसांनी छायाचित्रकारांना आत सोडले आणि मृतदेहाची छायाचित्रे घेतली गेली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये मित्रांनी व चाहत्यांनी स्मरणसभा भरविली. लॉस एंजलिस परिसरातील ईडन मेमोरियल पार्क ह्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. तिच्यावरील शिलालेखात तो प्रेमळ पिता व एकनिष्ठ पुत्र म्हणून नोंदलेला असून त्याला अखेर शांती लाभल्याचा उल्लेख आहे. त्याच्या धंद्याविषयी त्यात एक अक्षरही नाही. वरवर पाहता ही उणीव वाटेल. परंतु सर्व स्मारकांत केवळ हेच एक त्याच्याकडून काही सिद्ध करून घेऊ पाहत नाही.

सार्वजनिक स्मरण मात्र वेगाने वाढत गेले. १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ ह्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचा चेहरा झळकला. त्याच वर्षी त्याच्या प्रवेशांचे जॉन कोहेन ह्यांनी संपादिलेले पुस्तक निघाले. १९७१ मध्ये ज्यूलियन बॅरी ह्यांचे ‘लेनी’ हे नाटक ब्रॉडवेवर आले, आणि १९७४ मध्ये त्यावरून बॉब फॉसी ह्यांनी काढलेल्या चित्रपटात डस्टिन हॉफमन ह्याने ब्रूसची भूमिका केली. चित्रपट कृष्णधवल असून माहितीपटाच्या धर्तीवर रचलेला आहे. त्यामुळे पुढील पिढीने पाहिलेला ब्रूस बव्हंशी हॉफमनचा ब्रूस होय. ब्रूसचे प्रवेश हॉफमन उत्तम म्हणतो. तथापि, शेवट ठाऊक असलेल्या माणसाचे स्मरण आणि शेवट ठाऊक नसताना हसणारा श्रोता ह्यांत अंतर राहतेच. चित्रपटातील प्रत्येक विनोदावर मृत्यूची छाया पडलेली आहे. कार्नेगी हॉलमधील श्रोत्यांवर ती नव्हती.

६

कायद्याच्या दप्तरातील स्मरण ह्याहून विचित्र ठरले. कॅफेचे मालक सॉलोमन ह्यांनी अपील चालविले. १९६८ साली त्यांची शिक्षा रद्द झाली आणि १९७० साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ज्या कॅफेत ते शब्द उच्चारले गेले त्या कॅफेचा मालक निर्दोष आणि शब्द उच्चारणारा दोषी, अशी विसंगती त्यामुळे निर्माण झाली. ब्रूसचीही शिक्षा रद्द झाली असावी असा समज लिखाणातून रूढ होत गेला. रोनाल्ड कॉलिन्स व डेव्हिड स्कोव्हर ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खटल्यांचा समग्र वृत्तांत मांडला. त्यानंतर रॉबर्ट कॉर्न-रिव्हिअर ह्या वकिलांनी गव्हर्नरांकडे क्षमेचा अर्ज केला. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांत रॉबिन विल्यम्स ह्याच्यासारखे विनोदकारही होते.

पटाकी ह्यांनी क्षमा जाहीर करताना भाषणस्वातंत्र्याचा गौरव केला. आणि दहशतवादाविरुद्ध चालू असलेल्या युद्धात ज्या स्वातंत्र्यांसाठी देश लढत आहे त्यांचे स्मरण ह्या क्षमेने राहील, अशी आशा व्यक्त केली. अमेरिकन फौजा इराकमध्ये शिरल्यास तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. राष्ट्रीय शोकाच्या प्रसंगी रचलेल्या शौर्यकथेवर आक्षेप घेणारा मनुष्य अशा प्रकारे दुसऱ्या एका राष्ट्रीय शौर्यकथेत सामावला गेला. पटाकी ह्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. क्षमेने एक जुना कलंक पुसला, आणि त्याच्या आप्तांना त्याचे मोल निश्चितच होते. परंतु राज्यसंस्था जेव्हा स्मरण करते, तेव्हा ती प्रामुख्याने स्वतःच्या उदारतेचे स्मरण करते, ही गोष्ट ह्या प्रसंगाने स्पष्ट होते.

७

ह्या स्मरणाला समांतर असा दुसरा एक प्रवाह आहे. तो विनोदकारांच्या धंद्यातून वाहत आला. शिकागोला पोलिसांच्या गाडीत बसलेल्या कार्लिनने १९७२ साली निषिद्ध शब्दांवरच एक प्रवेश रचला. तो नभोवाणीवरून प्रसारित झाल्यामुळे उद्भवलेला वाद १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय नभोवाणी केंद्राच्या विरुद्ध लागला. कार्लिनने आणि रिचर्ड प्रायरने ब्रूसचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. त्यांनी त्याची नक्कल केली नाही, आणि त्याचे स्मारकही उभारले नाही. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत उभे राहून ते स्वतःचे बोलले. स्मरणाचा हा प्रकार दप्तरात नोंदला जात नाही. परंतु गुरूचे ऋण फेडण्याची हीच रीत कलावंतांत जुनी आहे.

अभ्यासकापुढील प्रश्न ह्याहून वेगळा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१४ साली ब्रूसच्या कन्येकडून त्याचे कागद, छायाचित्रे व ध्वनिफिती मिळविल्या, आणि २०१६ साली त्यानिमित्त विनोद व राज्यघटना ह्या विषयावर परिषद भरविली. खटल्याचे कागद अभ्यासणे सोपे आहे. ते क्रमवार लावता येतात, त्यांतील वाक्ये उद्धृत करता येतात. ध्वनिफिती अवघड आहेत. त्यांत पुटपुटणे आहे, फसलेले विनोद आहेत, लांबलेली विषयांतरे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांत श्रोत्यांचा हशा आहे. हा हशा पार्श्वभूमीचा आवाज म्हणून वगळण्याची चूक सहज होते. वास्तविक तो स्वतंत्र पुरावा आहे. कोणत्या शब्दावर सभागृह एकदम हसले, कोठे हसू अर्ध्यावर थांबले, कोठे थोडेच लोक हसले आणि बाकीचे गप्प राहिले, ह्यांवरून त्या काळच्या अमेरिकन मनाला कोणत्या गोष्टीची लाज वाटत होती आणि कोणत्या गोष्टीचे ओझे उतरवून हवे होते, ह्याचा जो बोध होतो, तो कोणत्याही निकालपत्रावरून होत नाही.

१९६४ च्या न्यायालयात शब्दांची मोजदाद झाली, विद्वानांची मते नोंदली गेली. पण श्रोते का हसले, ह्या प्रश्नाला त्या कसोटीत जागा नव्हती. नंतरच्या नाटककारांनी, चरित्रकारांनी आणि अखेर गव्हर्नरांनीही तीच कसोटी नकळत स्वीकारली, आणि ब्रूस निर्दोष का, ह्याचे उत्तर त्याच्या गांभीर्यात शोधले. ब्रूसच्या स्मृतीला न्याय द्यावयाचा असेल तर आधी एक साधी गोष्ट मान्य करावी लागेल: त्याच्या कार्यक्रमाला हिमवादळातून चालत आलेले लोक घटनेतील हक्कांचे रक्षण करण्यासाठी आले नव्हते, ते हसण्यासाठी आले होते.